आउटबोर्ड मोटरचे भाव काढताय? डीलरांची कोटेशनं लावून बघताना या चुका टाळा

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी काळा घोडा पुलाजवळ 37 फुटांच्या आसपास चढली, धोक्याची पातळी तिथे 26 फूट आहे, आणि तेव्हापासून बडोद्यात अकोटा, मुजमहुडा, समा, वडसर अशा भागांतल्या सोसायट्या आणि मंडळं स्वतःची बोट घ्यायच्या गोष्टी करतात. 2019 च्या जुलैअखेर एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस झाला होता तेही कोणी विसरलेलं नाही. बोट ठरवणं त्यातल्या त्यात सोपं असतं, रबराची घ्या नाहीतर फायबरची, पण बोटीच्या मागे अडकवायच्या मोटरचे, म्हणजे आउटबोर्डचे, भाव काढायला बसलं की गोंधळ सुरू होतो, कारण ही रावपुऱ्यात चार दुकानं फिरून बघायची वस्तू नाही. मुंबई, गोवा, कोची, वेरावळकडच्या डीलरांना फोन लावायचे, व्हॉट्सॲपवर कोटेशन मागवायचं, चार पीडीएफ समोर ठेवायच्या आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवायचं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. ही मोटर माणसं बाहेर काढायला घेतोय, म्हणून यात घाई नको असं मला फार मनापासून वाटतं.

नुसतं "15 एचपीचा काय भाव?" विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. 15 एचपी हे काही मॉडेलचं नाव नाही. त्याच एचपीत दोन-स्ट्रोक येते, चार-स्ट्रोक येते, दोरी ओढून स्टार्ट होणारी येते, सेल्फवाली येते, मागे बसून हँडलने चालवायची येते आणि पुढे स्टिअरिंग-रिमोटवर चालणारी येते, आणि या सगळ्यांचे भाव वेगळे. म्हणून डीलरकडून पूर्ण मॉडेल कोड मागायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत.

यामाहाचा एफ15सीएमएचएस हा कोड बघा. एफ म्हणजे चार-स्ट्रोक, 15 म्हणजे एचपी, सी ही त्या मॉडेलची आवृत्ती, एम म्हणजे हाताने दोरी ओढून स्टार्ट, एच म्हणजे मागचं हँडल, ज्याला टिलर म्हणतात, आणि शेवटचा एस म्हणजे शॉर्ट शाफ्ट, खाली पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) जाणारा दांडा आखूड. त्या एसच्या जागी एल आला की लाँग शाफ्ट, एमच्या जागी ई आला की सेल्फ स्टार्ट. म्हणजे एका अक्षराने मोटर बदलते आणि भावही बदलतो. सुझुकी, मर्क्युरी, तोहात्सु यांचे कोड लिहायची पद्धत थोडी वेगळी असते पण माहिती तीच असते. ज्या कोटेशनवर नुसतं "15 एचपी आउटबोर्ड, 1 नग" लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि परत मागवा.

समुद्रकाठच्या डीलरांच्या बाबतीत अजून एक बघायचं. तिथे मच्छिमारांसाठी केरोसीनवर चालणारी मॉडेलंही विकतात, आणि नोंदणी असलेल्या मच्छिमारांना सरकारी योजनेतून सबसिडीही मिळते. फोनवर पटकन सांगितलेला स्वस्त भाव कधी त्यातला असतो. तुम्ही सोसायटी किंवा ट्रस्टच्या नावावर पेट्रोलची मोटर घेताय हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

शाफ्ट न मोजता भाव लावणं

टेप घ्या आणि बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, जिथे मोटर अडकवतात, तिच्या वरच्या कडेपासून खाली बोटीच्या तळापर्यंत मोजा. साधारण 15 इंच आलं तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच आलं तर लाँग. मोटरवर पंख्याच्या जरा वर एक आडवी प्लेट असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याच्या इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, मोटर नुसतीच ओरडते आणि थंड व्हायला पाणीही नीट मिळत नाही. शाफ्ट जास्त लांब झाला तर बोट जड चालते आणि आपल्याकडे तर सोसायटीच्या गल्लीत पंखा सरळ स्पीडब्रेकरला नाहीतर दुभाजकाला लागणार. लाँग शाफ्टचा पीस स्टॉकमध्ये पडलाय म्हणून डीलर तो कमी भावात द्यायला तयार असतो, पण बोट शॉर्टची असेल तर तो भाव आपल्या कामाचा नाही, कितीही कमी असला तरी.

खालच्या आकड्याकडे बघून निर्णय घेणं

आता एक हिशेब. आकडे फक्त समजवायला धरलेत, खरा भाव आणि कराचा दर त्या दिवशीचा घ्यायचा.

समजा पहिल्या डीलरने लिहिलं 2,15,000, प्लस जीएसटी, एक्स गोडाऊन, म्हणजे माल त्याच्या गोडाऊनमधून आपल्या खर्चाने आणायचा. दुसऱ्याने लिहिलं 2,75,000 सगळं धरून, बडोदा पोच. कमिटीत लगेच कोणीतरी म्हणणार की साठ हजार वाचतायत, पहिल्यालाच ऑर्डर द्या. पण जीएसटी 18 टक्के धरला तर पहिल्याचे 38,700 वाढले, म्हणजे 2,53,700. त्यात बाहेरची पेट्रोल टाकी आणि हाताने दाबायचा फुगा असलेला फ्युएल पाइप नाही, त्याचे 14,000 धरा. लाकडी पेटीचं पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट 6,000. झाले 2,73,700. साठ हजारांचे तेराशे राहिले, आणि दुसऱ्याच्या भावात जर जास्तीचा पंखा आणि इम्पेलर (मोटर थंड करायला पाणी ओढणारं रबरी चाक) किट असेल तर तोच स्वस्त पडला.

त्यामुळे सगळ्या डीलरांना एकच कागद पाठवा आणि त्याच ओळींवर भाव भरून मागा. त्यात मोटरचा पूर्ण कोड, पंखा आहे की नाही आणि कुठल्या पिचचा, म्हणजे पाती किती तिरकी (मोठ्या एचपीत बऱ्याचदा पंखा वेगळा विकतात), टाकी आणि पाइप, रिमोटवाली असेल तर कंट्रोल बॉक्स, केबल आणि स्टिअरिंग किट, बॅटरी, ट्रान्झिट इन्शुरन्स, बडोद्यापर्यंतचं भाडं, जीएसटीची रक्कम वेगळी आणि एचएसएन कोड, म्हणजे ज्यावरून कराचा दर ठरतो तो मालाचा नंबर, एवढं असू द्या. आउटबोर्ड मोटरचा एचएसएन 8407 21 ने सुरू होतो, दोन डीलरांनी वेगवेगळे कोड आणि वेगवेगळे दर लावले असतील तर तिथेच थांबून विचारा आणि आपल्या सीएला कोटेशन दाखवा. परराज्यातल्या डीलरकडून घेतलं तर आयजीएसटी लागतो, गुजरातमधल्याकडून घेतलं तर तोच दर सीजीएसटी-एसजीएसटीत अर्धा अर्धा वाटला जातो, एकूण कर सारखाच, त्यामुळे बाहेरून घेतल्यावर टॅक्स वाचतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रिमोट किटची ओळ मात्र नीट भरून घ्या, कारण टिलरच्या भावाशी रिमोटचा भाव लावून बघणं हा सरळ सरळ चुकीचा हिशेब आहे आणि तो सारखा होतो.

बिनबिलाचा भाव कोणी दिला तर फोन ठेवून द्यायचा. मोटर लावली की बोट यंत्रावर चालणारी झाली आणि 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे बिल आणि त्यावरचा इंजिन नंबर नसेल तर पुढे काही सरकत नाही.

दोन-स्ट्रोक स्वस्त म्हणून, किंवा चार-स्ट्रोक भारी म्हणून

15 एचपीत दोन-स्ट्रोक साधारण 40 किलोच्या आत असते, चार-स्ट्रोक 45 ते 55. कागदावर हा फरक छोटा वाटतो पण पावसात, कंबरभर पाण्यात, दोघांनी पकडून ती बोटीवर चढवायची असते, तेव्हा कळतो. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं (ज्यात ते आपोआप मिसळतं ती मॉडेलं सोडून), बऱ्याच मोटरींना नेहमीसाठी 50 ला 1 आणि नवीन असताना 25 ला 1 असं प्रमाण असतं, म्हणजे घाईच्या वेळी हे येणारा माणूस हजर पाहिजे. चार-स्ट्रोकला ऑइल न मिसळता पेट्रोल चालतं आणि ती पेट्रोल कमी पिते, पण इंजिन ऑइल बदलायचं, पहिली सर्व्हिस 20 तासांच्या आसपास आणि मग दर 100 तासांनी किंवा वर्षाला, हे आलं. माझं मत विचाराल तर पुराच्या कामाला, जिथे मोटर उचलून न्यावी लागते, 9.9 ते 15 एचपीतली हलकी मोटर बरी. आणि 9.9 आणि 15 बऱ्याच कंपन्यांत एकाच इंजिनावर बनतात, वजन जवळजवळ सारखं, त्यामुळे दोन्हीचे भाव घ्याच, फरक थोडा असेल तर 15 घ्या. बोटीवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त किती एचपी लिहिलंय त्याच्या वर मात्र कधीच जायचं नाही.

ई20 पेट्रोलचं न विचारणं

हे कोटेशनमध्ये कुठेच नसतं आणि वॉरंटीत सगळ्यात जास्त नडतं. आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं. आपली मोटर वर्षातले दहा-अकरा महिने कपड्याखाली झाकून पडलेली असणार, टाकीत पेट्रोल राहिलं तर त्यातलं पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो आणि ऐन पाणी चढल्यावर मोटर दोरीला दाद देत नाही. डीलरला सरळ लेखी विचारा की भारतातल्या ई20 वर तुमची वॉरंटी टिकते का, फ्युएल लाइन त्याला चालणारी आहे का, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर किटमध्ये देता का. दोन डीलरांमध्ये पाच हजारांचा फरक असेल आणि एकाने याचं उत्तर लेखी दिलं असेल, तर मी त्याच्याकडून घेईन.

वॉरंटीची वर्षं मोजणं, पण कोण येणार ते न विचारणं

बऱ्याच कंपन्या घरगुती वापराला जास्त आणि कमर्शियल किंवा सरकारी वापराला कमी वॉरंटी देतात. सोसायटीची रेस्क्यू बोट कशात धरणार ते आधी विचारा. मग विचारा की मेकॅनिक बडोद्यात येणार की मोटर पेटीत घालून परत पाठवायची, भाडं कोणाचं, आणि इम्पेलर, शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन), प्लग, गिअर ऑइल हे डीलरकडे कायम स्टॉकला असतं का. पुराच्या गढूळ पाण्यात प्लास्टिक, दोऱ्या, गाळ सगळं असतं, थंड करणाऱ्या पाण्याचं तोंड बुजतं आणि आतला रबराचा इम्पेलर जातो, तो सुटा पार्ट छोटासाच असतो पण कुरिअरने यायला चार दिवस लागले तर पूर ओसरून जातो. मोटर चालू असताना मागे पाण्याची जी धार पडते ती बंद झाली की लगेच मोटर बंद करायची, हे चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला शिकवून ठेवा. ओळखीच्या कोणीतरी परदेशातून आणलेली, किंवा अधिकृत डीलर नसलेल्याकडची मोटर 20-25 टक्के कमी भावात मिळते, तिची वॉरंटी इथे बहुतेक वेळा चालत नाही. सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या भारतातल्या ऑफिसला मेल टाकला की उत्तर मिळतं, पैसे भरायच्या आधी तो टाका.

बजेट पुरत नसेल तर एचपी कमी करा, लाइफ जॅकेट कमी करू नका. 18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्या हरणी तलावात बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हती. पंख्याला गार्डही घ्या, पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या मधून ही बोट जाणार आहे. या दोन्हीचे भाव मोटरच्याच कोटेशनमध्ये मागा, एकत्र घेताना डीलर बऱ्यापैकी कमी करतो.

भाव करताना "छेल्लो भाव शुं?" (शेवटचा भाव काय?) असं विचारून फार काही सुटत नाही, कारण बरेचसे डीलर मशीनवर थोडंच मार्जिन ठेवतात. सुटतं ते पहिल्या सर्व्हिसमध्ये, जास्तीच्या पंख्यात, ट्रान्सपोर्टमध्ये, तिथे मागा. कोटेशनची मुदतही बघा, माल आयातीचा असतो आणि डॉलर किंवा येन हलला की महिन्याभराने तोच भाव राहत नाही. मे-जूनमध्ये सगळ्यांनाच आठवण होते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत भाव काढले तर डीलरलाही वेळ असतो. फक्त वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते की मोटर पहिल्यांदा चालवून नोंद केल्यापासून, ते लिहून घ्या, आणि पेटी आली की टेम्पोवाला उभा असतानाच सिरियल नंबर बिलाशी जुळवून फोटो काढा.