न्यू मेक्सिकोच्या डोंगरातलं मातीचं चर्च बघायला जाताय? मग त्याचा इतिहास असा वाचा

सांता फेला फिरायला गेलेले आपले बरेच लोक हाय रोड नावाच्या डोंगरातल्या रस्त्याने ताओस गावाला जातात, वाटेत लास त्रांपास नावाचं छोटं गाव लागतं तिथे पाच मिनिटं गाडी थांबवतात, चर्चचा फोटो काढतात आणि निघतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सान होसे दे ग्रासिया हे चर्च 1760 ते 1776 या काळात गावातल्या लोकांनी बांधलंय आणि नीट बघितलं तर भिंती, छत, जमीन सगळं वाचता येतं. तासभर हातात ठेवा, दीड असेल तर उत्तम.

पहिली गोष्ट म्हणजे थेट चर्चमध्ये घुसू नका. आधी पाणी बघा. गावाजवळ रस्त्यावरूनच एक लाकडी पन्हळ दिसते, झाडाचे ओंडके कोरून केलेली, ओढ्यावरून पाटाचं पाणी पलीकडे नेणारी. या पाटाला तिथे असेक्विया म्हणतात आणि गाव त्याच्यावरच उभं राहिलं. 1751 मध्ये, इथे स्पेनचं राज्य असताना, गव्हर्नर व्हेलेस काचुपिन यांनी सांता फेच्या 12 कुटुंबांना इथली जमीन दिली, ती काही उदारपणे नाही, तर कोमांचे या मूलनिवासी लोकांच्या धाडी सांता फेपर्यंत यायच्या आधी कुणीतरी मधे उभं असावं म्हणून. म्हणूनच घरं चौकाभोवती एकमेकांना खेटून बांधली होती, आणि चर्चही त्या चौकावरच आहे. आता चौकात उभं राहून चारी बाजूला बघा, म्हणजे हे चर्च एकटं टेकडीवर नसून घरांच्या मधे का आहे ते कळेल.

मग चर्च इथेच का बांधलं? तर आधी लोकांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, पिकुरिस या मूलनिवासी गावी जावं लागायचं, वाट धोक्याची. 1760 मध्ये दुरांगोचे बिशप तामारोन दौऱ्यावर आले तेव्हा त्यांनी याच कारणासाठी इथे चर्च बांधायची परवानगी दिली. दुरांगो म्हणजे आत्ताच्या मेक्सिकोतलं, शेकडो मैल दूर, तेव्हा बिशप येणं हीच मोठी गोष्ट. आणि पैसा? सरकारने दिला नाही, वरच्या चर्चनेही नाही. 1776 मध्ये फादर दोमिंगेस तपासणीला आले, त्यांनी लिहून ठेवलंय की हे चर्च लोकांनी सगळ्या प्रांतात फिरून मागितलेल्या भिक्षेतून उभं राहिलं, आणि यात पुढाकार ऐंशीच्या पुढच्या हुआन दे आर्ग्वेल्यो यांचा होता. त्या म्हाताऱ्या माणसाने तपासणीला आलेल्या फादरकडेही वर्गणी मागितली! मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

आता भिंत. जवळ जा पण हात लावून खरवडू नका. आतमध्ये न भाजलेल्या मातीच्या विटा आहेत, त्यांना अडोबे म्हणतात, भिंत साधारण चार फूट जाड, आणि वरून माती आणि पेंढ्याचं लिंपण. ऊन तिरकं पडलं की लिंपणात पेंढ्याच्या काड्या चमकताना दिसतात, आणि हाताने फिरवलेल्या मातीचे उंचसखल पट्टेही दिसतात. आपल्याकडे कुडाच्या भिंती जशा दरवर्षी लिंपायच्या तसंच हे, पाऊस आणि बर्फ थोडी थोडी माती नेतात आणि माणसं परत लावतात. या लिंपणाला एन्हार्रे म्हणतात आणि हे काम परंपरेने बायकांचं. म्हणजे 1776 ची भिंत बघतोय असं म्हणायचं, पण वरचा थर कुणीतरी अलीकडेच हाताने लावलेला असतो. माझ्या मते या चर्चचा खरा इतिहास हाच, बांधणं एकदा झालं, राखणं अडीचशे वर्षं चाललंय.

भिंत बघताना विशेषतः बूड बघा, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांचा भाग. अडोबेचं घर पहिलं तिथेच खचतं कारण पाणी खालून चढतं. मग वर बघा, छपरातून बाहेर आलेल्या पन्हळी, त्यांना कानालेस म्हणतात, त्या तुंबल्या की पाणी भिंतीवरून उतरतं आणि भिंतीला ओघळ पडतात. याचा धडा ताओसच्या जवळ रांचोस दे ताओसला मिळाला. तिथल्या सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्चला 1967 मध्ये सिमेंटचा गिलावा केला, दरवर्षीची कटकट संपावी म्हणून, पण सिमेंटला तडे गेले, आत पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट नाही, आतल्या विटा भिजून चिखल व्हायला लागल्या. 1979 मध्ये सिमेंट काढून परत माती लावली आणि आता तिथे दरवर्षी उन्हाळ्यात, साधारण जूनमध्ये, गावातले लोक मिळून लिंपण करतात. जूनमध्ये जाणं जमत असेल तर हे चुकवू नका. मदतीला हात हवे असतात, पण आधी विचारा आणि सांगतील तेवढंच करा.

लास त्रांपासचं चर्च बऱ्याचदा बंद असतं. कुलूप दिसलं तर जवळ चौकशी करा, किल्ली सांभाळणारं कुणीतरी असतं, पण हट्ट करू नका, ते त्यांचं देवघर आहे, म्युझियम नाही. उघडं मिळालं तर पेटीत पैसे टाका, ते मातीसाठी आणि छपरासाठी लागतात.

आत गेल्यावर लगेच वेदीकडे न जाता दारातच थांबा आणि छत बघा. मोठे गोल वासे, व्हिगास, त्यांच्या खाली कोरलेले लाकडी ठोकळे. चर्च लांब आणि अरुंद का, तर पाईनचा वासा जेवढा लांब मिळतो आणि ओढून आणता येतो तेवढीच रुंदी. मग पुढे वेदीवरचा उजेड बघा, कुठून येतोय ते चटकन कळत नाही. वेदीवरचं छत अलीकडच्या छतापेक्षा उंच ठेवलंय आणि त्या दोन उंचींच्या मधल्या फटीत आडवी खिडकी आहे, माणसाला दारातून खिडकी दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. महाग काच नाही, मोठा आर्किटेक्ट नाही, आणि तरी हे सुचलं!

पायाखाली लाकडी फळ्या आहेत. त्या काळी मृतांना चर्चच्या आतच पुरायची पद्धत होती, तेव्हा जरा हळू चाला. वेदीमागचे रंगवलेले फलक बघा, ते 19 व्या शतकात होसे दे ग्रासिया गोन्सालेस या चित्रकाराने रंगवले. आणि लाकडी गाडीत बसलेला मृत्यूचा सांगाडा दिसला तर घाबरू नका, ती पेनितेंते बंधुसंघाची वस्तू. डोंगरातल्या गावांना पाद्री क्वचितच मिळायचा, त्यामुळे प्रार्थना, आजारपण, अंत्यविधी सगळं या गावकऱ्यांच्या संघानेच सांभाळलं. 1848 नंतर हा भाग अमेरिकेत गेला, 1851 ला मूळचे फ्रान्सचे लामी इथे बिशप म्हणून आले, त्यांना या संघाचे लोक फारसे पटले नाहीत, आणि चर्चने संघाला औपचारिक मान्यता दिली ती थेट 1947 ला. म्हणजे ज्यांनी धर्म टिकवला त्यांनाच शंभर वर्षं वाट बघावी लागली.

या भागातल्या बाकीच्या चर्चवर पत्र्याचं उतरतं छप्पर दिसलं तर तारखेचा अंदाज असा लावा: 1880 ला रेल्वे आली, तिच्यासोबत पत्रा आणि गिरणीत कापलेलं लाकूड आलं, तेव्हा ते छप्पर त्यानंतरचं.

आणखी खोलात जायचं असेल तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या आहेत, स्पॅनिशमध्ये, त्यांच्या मायक्रोफिल्म सांता फेच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याच फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर घरबसल्या बघता येतात. सुरुवात बाप्तिस्म्याच्या पानापासून करा, मजकूर दरवेळी तोच असतो त्यामुळे स्पॅनिश येत नसली तरी चार पानांत सवय होते. नावापुढचा हेनिसारो हा शब्द शोधा, म्हणजे पकडून किंवा विकत आणून स्पॅनिश घरात वाढवलेले मूलनिवासी, अशांना आणि त्यांच्या वंशजांना बऱ्याचदा याच सीमेवरच्या गावांत वसवलं. गोडगोड कहाणीत हे सांगत नाहीत, नोंदवहीत मात्र आहे.

वेळेचं म्हणाल तर याच रस्त्यावरचं चिमायोचं चर्च आधी करा, सकाळी, कारण तिथे गर्दी होते आणि आत फोटो चालत नाहीत, मग त्रुचास गाव, मग लास त्रांपास, आणि शेवटी रांचोस दे ताओस, संध्याकाळच्या उन्हात त्याची मागची बाजू बघायला. पेट्रोल खालच्या एस्पान्योला शहरातच भरून घ्या, सात-आठ हजार फुटांवर आहात म्हणून पाणी जास्त प्या, आणि रविवारी मिस्सा चालू असेल तर कॅमेरा गाडीत ठेवून मागच्या बाकावर बसा.