तिरप्या फ्लँजचे कोपरे जुळत नाहीत? शीट मेटल मॉडेलिंगमधल्या या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवर नमकीनच्या यंत्रांचे हॉपर (माल ओतायचे, खाली निमुळते होणारे डबे) सतत कापले जातात. सरळ पेटी असेल तर काम बिनबोभाट होतं. चारही भिंती तिरप्या झाल्या की वेल्डरची हाक येते, “भिया, ये कोना तो मिल ही नहीं रहा.” तोवर पत्रा कापून झालेला असतो आणि तो लांबवता येत नाही. दोष बहुतेक वेळा लेझरचा नसतो, वेल्डरचाही नसतो. काटकोनी पेटीच्या सवयी तिरप्या भिंतींवर चालवल्या की हेच होणार.

एकच उदाहरण धरून बोलू. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा पत्रा, जाडी २ मिमी. वरचं तोंड ६०० × ६०० मिमी, खालचं २०० × २००, भिंती आडव्या पातळीशी ६०°. प्रत्येक भिंत २०० मिमी आत येते, म्हणजे तिची तिरपी लांबी ४०० मिमी.

वरून दिसणारा कोन पत्र्यावर टाकू नका

टॉप व्ह्यूमध्ये कोपऱ्याची रेघ ४५° दिसते. बाजूने पाहिलं तर भिंत उभ्या रेषेपासून ३०° कललेली दिसते. एज फ्लँजचं (पत्र्याच्या कडेवरून उचललेल्या भिंतीचं) प्रोफाइल एडिट करताना या दोनांपैकी एक आकडा हमखास पडतो, आणि दोन्ही चुकीचे आहेत. आपल्याला हवा तो भिंतीच्या स्वतःच्या प्रतलातला कोन. ४०० मिमी चढताना कड २०० मिमी सरकते, म्हणजे तो कोन २६.५७° झाला. सूत्र सोपं आहे : या कोनाचा टॅन म्हणजे भिंतीच्या उताराचा कॉस. भिंती ४५° च्या असत्या तर ३५.२६° आला असता.

३०° टाकल्यावर काय होतं बघा. २०० मिमीच्या कडेपासून वर जाताना प्रत्येक बाजूला २०० ऐवजी २३१ मिमी वाढ मिळते आणि वरची कड ६६२ मिमी होते. २७° असा पूर्णांक केला तरी दर बाजूला जवळजवळ ४ मिमी जास्त. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे कोन टाइपच करू नये. वरचे ६००, खालचे २०० आणि तिरपे ४०० ही मापं द्या, कोन आपोआप येईल.

भिंती एकमेकींत घुसलेल्या दिसल्या की पुष्कळ जण जादा भाग कट मारून उडवतात. तो कट पत्र्याला काटकोनात नसेल तर कड तिरपी निघते, आणि साधं लेझर तशी कड कापत नाही. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये कट देताना ‘नॉर्मल कट’ चालू आहे ना, ते पाहा.

भिंतींमधला कोन ९०° नसतो

या हॉपरच्या दोन शेजारच्या भिंतींमधला आतला कोन १०४.५° आहे, म्हणजे बेंडचा कोन ७५.५°. (बेंडचा कॉस म्हणजे उताराच्या कॉसचा वर्ग. कॉस ६०° म्हणजे ०.५, वर्ग ०.२५.) ४५° च्या भिंतींना हाच आतला कोन थेट १२०° होतो. कोपऱ्याला मजबुतीसाठी बाजारातला काटकोनी अँगल लावायचा बेत असेल तर तो बसणारच नाही.

इथेच दुसरा घोटाळा होतो. सॉलिडवर्क्सची एज फ्लँज सपाट पत्र्यापासून मोजलेला बेंडचा कोन मागते, आणि प्रेस ब्रेकवाला (पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावरचा कारागीर) बहुधा आतला कोन बोलतो. हॉपरच्या वरच्या तोंडावर आडवी कॉलर (बाहेर निघालेली पट्टी) हवी असेल तर आतला कोन १२०° आणि बेंड ६०°. मॉडेलमध्ये १२० टाकलंत तर कॉलर आडवी न राहता बाहेरच्या बाजूला खाली झुकते. ड्रॉइंगवर दोन्ही कोन लिहा.

वाकवलेल्या कोपऱ्यावर पूर्ण कॉलर मागू नका

चार भिंती एकाच तुकड्यात काढल्या तर शेवटच्या बेंडला पत्रा पंचावर (यंत्राच्या वरून दाबणाऱ्या हत्यारावर) आदळतो. म्हणून हॉपर दोन ‘एल’ तुकड्यांत करतात : दोन कोपरे वाकवलेले, दोन वेल्डचे. इथपर्यंत ठीक. अडचण कॉलरची आहे. कॉलर आडवी असल्यामुळे तिचा कोपरा मात्र खराच ४५° चा मायटर (तिरपा जोड) असतो, आणि मॉडेलमध्ये तो सुरेख दिसतो. फ्लॅट पॅटर्न (उलगडलेला सपाट पत्रा) उघडला की दोन्ही कॉलर एकमेकींवर चढलेल्या असतात किंवा एररच येतो.

कारण मोजून दिसतं. त्या कोपऱ्याच्या बिंदूभोवती दोन भिंतींचे ६३.४३° प्रमाणे साधारण १२७° होतात. दोन कॉलरचे १३५° प्रमाणे २७०°. बेरीज ३९७°. सपाट पत्र्यावर एका बिंदूभोवती ३६०° पेक्षा जास्त जागा नसते, त्यामुळे हा कोपरा कुठलंही सॉफ्टवेअर उलगडू शकणार नाही. सेटिंग बदलत बसण्यात वेळ घालवू नका. दोन्ही कॉलर थोड्या आखूड कापून मधली पाचर वेगळी वेल्ड करा, नाहीतर आख्खी कॉलरच वेगळी पट्टी म्हणून काढा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण कॉलर सपाट राहते. वाकवायचा कोपरा ठेवलाच तर तिथे कॉर्नर रिलीफ (कोपऱ्यातली छोटी खाच) विसरू नका.

झिरो गॅप

एकाच तळावरून चार तिरप्या फ्लँज उचललेला ट्रे असेल तर सॉलिडवर्क्सचं ‘क्लोज्ड कॉर्नर’ वापरा. इन्व्हेंटर सॉफ्टवेअरमध्ये त्याला कॉर्नर सीम म्हणतात. तिथे गॅप शून्य ठेवलात तर भिंती चिकटून बंद कडं होतं आणि ते उलगडत नाही. ०.१ मिमी पुरतो.

हॉपरचा वेल्डचा कोपरा निराळा. आतून माल सरकणार, म्हणून मापं आतल्या पृष्ठभागावर घ्या आणि आतल्या कडा भिडवा. बाहेरून ७५.५° ची व्ही आपोआप उघडी राहते, आणि आर्गन वेल्डिंगला तीच जागा लागते. बाहेरच्या मापावर मॉडेल केलंत तर बाहेरच्या कडा भिडायच्या आधीच आतल्या कडा एकमेकींना अडतात आणि कोपरा बसत नाही.

९०° चं बेंड डिडक्शन सगळीकडे

२ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा) ०.४४ धरला तर डिडक्शन (दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायची लांबी) ९०° ला ३.४८ मिमी, ७५.५° ला २.४० आणि ६०° ला १.६० येतं. कोनाच्या प्रमाणात काढायला गेलात तर ६०° ला २.३२ मिळेल, तेही चूक. सॉफ्टवेअरमध्ये डिडक्शनचा एकच आकडा भरला की तो प्रत्येक बेंडला लागतो. म्हणून तिरप्या कामात के-फॅक्टर किंवा कोनवार बेंड टेबल ठेवा. ०.४४ हा आकडा मात्र माझ्या भरवशावर घेऊ नका. त्याच पत्र्याची पट्टी त्याच डायवर ७५.५° ला वाकवून घ्या, दोन्ही बाजू मोजा आणि के-फॅक्टर त्यावरून काढा. स्टेनलेस माइल्ड स्टीलपेक्षा जास्त स्प्रिंगबॅक देतं (वाकवल्यावर थोडं मागे उघडतं), तेव्हा मोजण्याआधी पट्टीचा कोन खरंच ७५.५° आला आहे का, हे बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून बघा.