पाठीवरची बॅग घेताना आधी तूरडाळ भरून बघा

दुकानात रिकामी बॅग पाठीवर घेतली की ती छानच बसते. दुकानदारही आरसा पुढे करतो, "घ्या न ताई, एकदम हलकी हाये." हलकी असणारच, आत कागदाचे बोळे भरलेले असतात. तिचा खरा स्वभाव कळतो 7-8 किलो भरून अर्धा तास उभं राहिल्यावर.

माझं काम बचत गटांच्या प्रशिक्षणाचं. दारव्हा तालुक्यातल्या गावातून फाट्यापर्यंत गाडीवर मागे बसून, तिथून एसटीने यवतमाळ, कधी पुढे नागपूर. अधूनमधून बडनेऱ्याहून पुण्याची रेल्वे आणि वर्षातून एखाद्या वेळी नागपूरहून विमान. एवढ्या सगळ्याला एकच बॅग पुरवायची. पहिली बॅग रंग बघून घेतली होती. चौथ्या महिन्यात फाट्यावर उतरताना तिचा पट्टा शिलाईतून सुटला आणि लॅपटॉपसकट बॅग मुरमावर आपटली. दुसरी घेताना मग नीट बसून हिशोब केला.

पहिलं काम: सामान काट्यावर टांगा

कापूस वेचून आणलेल्या बायांचा माल मोजायला आमच्याकडे लटकता काटा असतो. त्यालाच माझी भरलेली बॅग अडकवली. लॅपटॉप 1.6 किलो, चार्जर 400 ग्रॅम, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या 2.2 किलो, डबा 800 ग्रॅम, कपड्यांचा एक जोड नि दुपट्टा 900 ग्रॅम, रजिस्टरं आणि कागद 700 ग्रॅम, पॉवर बँक 400 ग्रॅम. झाले 7 किलो. त्यात बॅगेचे स्वतःचे 1.1 किलो.

2020 च्या शालेय दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर दप्तर नको, असं म्हटलंय. मोठ्या माणसाला साधारण 10 ते 15 टक्के झेपतात असं धरतात. माझं वजन 52 किलो, म्हणजे जास्तीत जास्त 7.8 किलो. मी 8.1 वर होते. पाणी कमी करता येत नव्हतं, मे महिन्यात 45 अंशात एसटीची वाट बघायची असते. मग रजिस्टरांचे फोटो काढून मोबाईलमध्ये टाकले आणि रजिस्टरं घरी ठेवली. नवी बॅग बघताना रिकाम्या बॅगेचं वजन आधी विचारायचं, हेही तेव्हाच ठरलं. दीड किलोची बॅग घेतली तर सामान भरायच्या आधीच दीड किलो खांद्यावर.

दुसरं काम: पाठ मोजा

हे कुणी करत नाही आणि गडबड इथेच होते. आपली उंची इथे कामाची नाही, पाठीची लांबी लागते. सासूबाई ब्लाउजच्या मापाचा टेप घेऊन मागे उभ्या राहिल्या. "मान खाली घाल न वं थोडी." मान वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड बोटाला टोचतं. टेपचं टोक तिथे धरायचं. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की अंगठे मागे जातील. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागते. दोन अंगठ्यांच्या मधोमध टेप आणला की माप मिळालं. माझं आलं 41 सेंटीमीटर.

आता 55 सेंटीमीटर उंचीची बॅग मी घेतली, तर ती ढुंगणावर आपटत राहणार आणि खांदे मागे ओढणार. बॅगेचा तळ कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नको. बुटक्या बायांनी तर याच्यावर अडूनच बसावं. बाजारातल्या बऱ्याच बॅगा लांब पाठीच्या, रुंद खांद्यांच्या माणसाच्या मापाने शिवलेल्या असतात. आपल्या खांद्यावरून पट्टे घसरतात ते त्यामुळेच. छातीवर क्लिप लावायचा बारीक पट्टा असेल आणि तो वर-खाली सरकत असेल, तर ही अडचण बरीच सुटते.

मग आकार

विमानाचा विचार असेल, तर आपल्या देशातल्या प्रवासात हातातल्या बॅगेला साधारण 7 किलोची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, जाडी मिळून 115 सेंटीमीटर. म्हणजे 55, 35 आणि 25. प्रत्येक कंपनीचा नियम तिकिटावर बघून घ्या. या मापाचं खोकं भरलं तर 48 लिटर होतं, पण एवढी बॅग घेण्याचा मोह नको. जागा दिसली की माणूस भरतो. काम आणि दोन मुक्कामांना 25 ते 30 लिटर पुरतात. शिवाय एसटीत ती मांडीवर ठेवायची असते. 55 सेंटीमीटरची बॅग मांडीवर उभी केली की समोर कंडक्टर दिसत नाही.

लॅपटॉप 15.6 इंचाचा असेल तर तो आकडा पडद्याच्या तिरप्या मापाचा. कप्पा मात्र साधारण 36 बाय 25 सेंटीमीटरचा लागतो. लॅपटॉप घेऊन दुकानात जा आणि घालूनच बघा. विमानात पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, काउंटरवर जमा करायच्या सामानात ती चालत नाही. भिवापुरी तिखटाची पुडी मात्र उलट, ती हातातल्या बॅगेत नको.

शिलाई, फोम, चेन

खांद्याचा पट्टा बॅगेला जिथे जोडलेला असतो ती जागा उलटून बघा. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी. नुसती एक सरळ ओळ असेल तर तिथूनच उसवणार, माझी तिथूनच उसवली. पट्टा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. अंगठ्याला पलीकडचं बोट जाणवलं तर तो फोम दोन महिन्यांत पापड होईल.

पाठीकडची बाजू जाळीची आणि मध्ये हवा जायला खाच असलेली असावी. काळ्या बॅगेवर आपल्याकडच्या उन्हात घामाच्या मिठाचे पांढरे डाग पडतात, मी म्हणून राखाडी घेतली. चेन दहा वेळा उघडून बंद करा, कोपऱ्यात अडकली तर बॅग ठेवून द्या. बॅगेसोबत पावसाची टोपी मिळाली तरी शिलाईतून पाणी झिरपतं. मी लॅपटॉप युरियाच्या पोत्यातल्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळते, चांगलं धुऊन वाळवून घेतलेलं. वापरायला फुकट आणि अस्सल जलरोधक.

कमरेचा रुंद पट्टा 8 किलोंच्या वर कामाचा, कारण ओझं खांद्यावरून कमरेच्या हाडांवर जातं. त्याहून कमी वजनाला नुसता लोंबकळतो आणि एसटीच्या दारात अडकतो.

शेवटी डाळ

बॅग घरी आली की टॅग कापू नका. किलो-किलोच्या पिशव्यांत तूरडाळ बांधा. लॅपटॉपऐवजी दोन किलो डाळ पाठीला चिकटून उभी, बाकीची तिच्या पुढे. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकं माणसाला पुढे वाकावं लागतं. सात किलो झाले की बॅग घालून घरातच अर्धा तास वावरा. भांडी लावा, जिना चढा. मग गाडीवर मागे बसून पट्टे असे सोडा की बॅगेचा तळ सीटला नुसता टेकेल. तेवढ्याने फाट्यापर्यंतच्या खड्ड्यांचे दणके सीट झेलते.

नंतर बॅग काढा आणि आरशात खांदे बघा. लाल पट्टे उमटले असतील, हाताला मुंग्या येत असतील किंवा मानेच्या त्या हाडाखाली दुखत असेल, तर बॅग परत. परत करायची मुदत बिलावर असते, ती आधी वाचून ठेवा. काही नसेल, तर डाळ डब्यात ओता आणि मग कात्री शोधा.