विषय सोडण्याआधी टक्केवारी मोजा
अमेरिकेतल्या कॉलेजात पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, सहसा परत न करावी लागणारी सरकारी मदत) किंवा सरकारी कर्ज एकदा मिळालं की पदवीपर्यंत चालूच, असं नसतं. नुसता जीपीए (गुणांची सरासरी) सांभाळूनही भागत नाही. घेतलेल्या क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेली अभ्यासाची एककं) बहुतेक ठिकाणी ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात. खरी मेख इथे आहे. सेमिस्टरच्या मध्यावर केमिस्ट्री झेपेना म्हणून सोडली, तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘विषय सोडला’ असा शेरा येतो, जीपीए शाबूत राहतो, पण ती क्रेडिट ‘घेतलेल्यां’त धरली जातात. पहिल्याच सेमिस्टरला १५ घेतली, ६ सोडली, तर उरली ६० टक्के! त्यामुळे आधी फायनान्शियल एड ऑफिसात विचारा. टक्केवारी घसरून मदत थांबली आणि त्यामागे आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल तर अपील करता येतं. डॉक्टरांचा कागद जोडाच, शिवाय आता परिस्थितीत काय बदललंय तेही लिहा. नेमकं तेच राहून जातं.