टेसरॅक्ट ५ सोर्समधून टाकलं तरी जुनंच व्हर्जन दाखवते? माझा अनुभव

यवतमाळकडच्या आमच्या गावात लोकांचे जुने सातबारे स्कॅन करून मजकूर काढासाठी उबंटू २२.०४ (लिनक्स) वर टेसरॅक्ट ५ (चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बनवून टाकलं, मेक इन्स्टॉल बिना एररचं झालं, पण व्हर्जन पाहिलं तर ४.१.१ च दाखवून राहिलं. रीस्टार्ट केलं, दोनदा परत कंपाइल केलं, फरक शून्य. लाईट जाये-ये, दोन रात्री याच्यातच गेल्या.

मंग कॉन्फिगरची (कंपाइलच्या आधी सेटिंग देणारी) ओळ एकेक अक्षर वाचली. प्रीफिक्समध्ये (कुठं इन्स्टॉल करायचं तो पत्ता) 'यूएसआर'च्या जागी 'यूएसईआर' टाइप झालं होतं, एक ई जास्त, अन् सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) असल्यानं त्यानं मुकाट्यानं रूटमध्येच (सगळ्यात वरच्या पातळीवर) नवीन फोल्डर बनवून सगळं तिकडं टाकलं. ते फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) नाही म्हणून एपीटीवालं (उबंटूच्या पॅकेजमधून आधी टाकलेलं) जुनंच चाले.

आता क्रम नीट पाहा. त्याच सोर्स फोल्डरमधून आधी सुडो मेक अनइन्स्टॉल, कारण मेकफाइलला (कॉन्फिगरनं बनवलेल्या फाइलला) तो चुकीचा पत्ता डिस्टक्लीन करेपर्यंतच माहीत असते. मंग मेक डिस्टक्लीन (जुनी सेटिंग अन् बनवलेलं सगळं साफ), बरोबर प्रीफिक्सनं कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, अन् लगेच सुडो एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड), नाहीतर प्रोग्रामला लागणारी शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. टर्मिनल तेच असलं तर हॅश मायनस आर ही कमांड पण मारा, बॅश (टर्मिनलमधला कमांड चालवणारा प्रोग्राम) जुना पत्ता धरून बसते. मराठीची ट्रेनडेटा फाइल (मराठी अक्षरं ओळखायचा डेटा) यूएसआर, लोकल, शेअर, टेसडेटा या फोल्डरात ठेवली, अन् टेसरॅक्टच्या भाषांच्या यादीत 'मार' (mar, मराठीचा कोड) दिसलं.