‘यूज्ड टु’ कुठे, ‘ॲम यूज्ड टु’ कुठे आणि ‘गेट यूज्ड टु’ कुठे?

‘आय यूज्ड टु वर्क ॲट नाइट’ म्हणजे मी पूर्वी रात्री काम करायचो, आता करत नाही. ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे रात्री काम करणं माझ्या अंगवळणी पडलंय, त्याचा त्रास होत नाही. मुलाखतीत पहिलं वाक्य बोललात तर समोरचा समजेल की रात्रपाळी तुम्ही सोडून दिली आहे. वाक्य जुळवताना पुढच्या क्रमाने जा.

१. आधी मराठी वाक्याचं क्रियापद बघा

‘करायचो, जायची, असायचे’ अशी रूपं आली की साधं ‘यूज्ड टु’. ‘आता त्याचं काही वाटत नाही’ असं म्हणायचं असेल तर ‘ॲम यूज्ड टु’. ‘हळूहळू रुळतोय’ असेल तर ‘ॲम गेटिंग यूज्ड टु’.

‘सवय’ या शब्दावर मात्र विसंबू नका, कारण मराठीत तो या सगळ्यांसाठी चालतो. ‘मला नखं खायची सवय आहे’ याचं इंग्रजी सरळ ‘आय बाइट माय नेल्स’ असं होतं. ‘आय ॲम यूज्ड टु बायटिंग माय नेल्स’ म्हटलंत तर अर्थ निघतो की नखं खाणं तुम्हाला आधी जड जात होतं, आता सरावलात!

२. जुनी सवय: ‘यूज्ड टु’ आणि मूळ क्रियापद

आधी ‘ॲम’, ‘वॉज’ काही नाही. नंतर क्रियापदाला ‘इंग’ नाही. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही: ‘शी यूज्ड टु सिंग’, ‘दे यूज्ड टु लिव्ह हिअर’. उच्चारात ‘ज्ड’ ऐकू येत नाही, ‘यूस्टु’ असं एका दमात म्हणतात.

नकार आणि प्रश्न करताना ‘डिड’ येतं आणि भूतकाळाचा भार तेच उचलतं. म्हणून लिहिताना ‘यूज्ड’मधलं शेवटचं ‘डी’ अक्षर काढायचं: ‘आय डिडन्ट यूज टु लाइक इट’, ‘डिड यू यूज टु स्विम?’ बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही लिहिताना इथे चुकतात.

एकूण किती काळ किंवा एकूण किती वेळा हे सांगायचं असेल तर ‘यूज्ड टु’ चालत नाही. ‘आय यूज्ड टु लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ चूक, ‘आय लिव्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ बरोबर. इथे मराठी कान कामाला येतो: आपणही ‘पाच वर्षं राहिलो’ म्हणतो, ‘पाच वर्षं राहायचो’ म्हणत नाही. ‘आठवड्यातून तीनदा जायचो’ हे मात्र वारंवारतेचं झालं, म्हणून ‘आय यूज्ड टु गो थ्री टाइम्स अ वीक’ बिनधास्त म्हणा.

३. ‘वुड’ कधी चालेल?

पुन्हा पुन्हा घडणारी कृती असेल आणि काळ आधी सांगून झाला असेल, तर: ‘व्हेन वी वेअर चिल्ड्रन, वी वुड प्ले अंटिल डार्क.’ स्थिती सांगताना नाही. ‘तिचे केस लांब असायचे’ म्हणजे ‘शी यूज्ड टु हॅव लाँग हेअर’. तिथे ‘वुड हॅव’ टाकलंत तर ऐकणारा पुढच्या ‘जर’ची वाट बघत बसेल. आठवणी सांगताना पहिलं वाक्य ‘यूज्ड टु’ने उघडावं आणि पुढची ‘वुड’ने न्यावीत, कानाला बरं वाटतं.

४. अंगवळणी पडणं: ‘बी’ (म्हणजे ‘ॲम, इज, वॉज’ ही रूपं) किंवा ‘गेट’, मग ‘यूज्ड टु’

बहुतेक चुका इथेच होतात. या रचनेतलं ‘टु’ शब्दयोगी आहे. त्याच्यापुढे नाम येतं, किंवा नामासारखं वागणारं ‘इंग’ रूप. शंका आली तर ‘टु’नंतर ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं नव्हे) ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टु इट’ जमतं, म्हणजे तिथे क्रियापद आणायचं झालं तर ‘वेकिंग अप अर्ली’ हवं, ‘वेक अप अर्ली’ नको.

काळ दाखवायचं काम ‘बी’ आणि ‘गेट’ करतात, ‘यूज्ड’ला हात लावायचा नाही, प्रश्नातसुद्धा नाही. ‘आय वॉज यूज्ड टु द नॉइज’ म्हणजे गोंगाटाचं तेव्हा काही वाटत नव्हतं. ‘यू विल गेट यूज्ड टु द न्यू ग्लासेस’ म्हणजे नव्या चष्म्याची सवय होईल. ‘आय कान्ट गेट यूज्ड टु धिस कीबोर्ड’ म्हणजे काही केल्या जमत नाहीये. ‘बी’ने पोहोचलेली अवस्था कळते, ‘गेट’ने तिथवरची वाटचाल.

‘अकस्टम्ड टु’ची रचना अगदी हीच, पण ते औपचारिक लेखनात शोभतं. रोजच्या गप्पांत ते जरा कडक इस्त्रीचं वाटतं.

५. दोन फसवी वाक्यं

‘धिस नाइफ इज यूज्ड टु कट पेपर.’ यात ‘इज’ आहे, तरी पुढे ‘कट’च बरोबर, कारण इथे सवयीचा संबंध नाही, सुरी कागद कापायला वापरली जाते, एवढंच. उच्चारही स्पष्ट ‘यूज्ड’.

दुसरं, ‘आय यूज टु वॉक एव्हरी डे.’ आजची सवय सांगायला असं रूप इंग्रजीत नाहीच. ‘आय वॉक एव्हरी डे’ म्हणा, किंवा सहसा म्हणायचं असेल तर ‘आय यूज्वली वॉक’.