सोशल मीडियावरच्या पोस्टवरून पोलीस ठाण्यात बोलावलं तर

फोनवर ‘या जरा’ म्हटलं तर लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची (चौकशीला हजर राहण्याची) नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र रीतसर नोटीस आली की ठरल्या वेळी हजर राहाच. गैरहजेरी हे अटकेचं कारण ठरू शकतं. हजर राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक नाही. बहुतेक जण घाबरून इथेच चुकतात.

आधी एफआयआरमधली कलमं वाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम) दिसलं तर लगेच वकिलामार्फत लेखी हरकत घ्या: ते कलम 24 मार्च 2015 रोजीच रद्द झालं आहे. भारतीय न्याय संहितेचं 196 (समाजगटांत वैर पसरवणं) असेल, तर गुन्हा नोंदवण्यापूर्वी 14 दिवसांत पूर्ण करायची प्राथमिक चौकशी झाली होती का, हे विचारा.

तपासातल्या जबाबावर सही करायची नसते (कलम 181). मोबाइल घेतला तर आयएमइआय क्रमांकासह (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जप्ती पंचनाम्याची प्रत घ्या. आणि पोस्ट घाईने उडवू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागू शकतो. पूर्ण मजकुराचा, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, कारण तक्रारीत बहुधा एखादंच वाक्य तोडून दिलेलं असतं.